मोळी कोणी बांधली?



या व्याख्यानमालेत बोलायला मला बोलावलंत, त्याबद्दल आभार मानायचे तर ते आधी सरांच्या लाल पेनाचे मानायला हवेत. आठवीत त्यांनी आम्हाला ‘एकीचे बळ’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. मी चार पानं भरली. म्हातारा शेतकरी, त्याची भांडखोर मुलं, काठ्यांची मोळी, सगळं यथासांग आलं होतं. वही परत आली तेव्हा तिच्यावर गुण नव्हते. खाली लाल शाईत तीन शब्द होते : मोळी कोणी बांधली?

तेव्हा राग आला होता. आज साठी ओलांडल्यावर वाटतं, मला इतिहास शिकवला तो त्या तीन शब्दांनी. म्हणून सरांच्या स्मरणार्थ बोलताना विषय एकीचाच घेतला आहे. ही एकी मात्र आपल्या गावची नाही. अमेरिकेतल्या काळ्या आणि गोऱ्या ख्रिस्ती लोकांची आहे, किंवा खरं सांगायचं तर ती न होण्याची आहे.

काही वर्षांपूर्वी मुलाच्या नोकरीमुळे मी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका छोट्या गावात वर्षभर राहिलो. गावाच्या मधोमध रेल्वेचे रूळ. रुळांच्या अलीकडे एक बॅप्टिस्ट चर्च, पलीकडे दुसरं. दोन्हींत चालत दहा मिनिटांचं अंतर. एका रविवारी मी दोन्हीकडे गेलो. अलीकडच्या चर्चमध्ये गारवा होता, कागदी कपातली कॉफी होती, गीतांचे शब्द पडद्यावर येत होते आणि उपासना बरोबर एका तासात आटोपली. पलीकडे दाराशी पांढरे हातमोजे घातलेल्या वयस्क बायका उभ्या होत्या. त्या नुसत्या हाताच्या खुणेने लोकांना जागा दाखवत होत्या. बाकावर हातपंखे ठेवलेले. पंख्याच्या एका बाजूला मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र, दुसऱ्या बाजूला गावातल्या अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात. अडीच तास कधी गेले कळलं नाही. आणि गंमत अशी की त्या दिवशी दोन्हीकडे ‘अमेझिंग ग्रेस’ म्हटलं गेलं. ते गीत लिहिणारा जॉन न्यूटन एकेकाळी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता.

ते निवडणुकीचं वर्ष होतं. लोकांच्या अंगणांत उमेदवारांच्या नावाच्या पाट्या रोवलेल्या. रूळ ओलांडले की पाट्यांवरचं नाव बदलायचं. पलीकडच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या सेवकाला मी विचारलं, “तुम्ही कधी त्या गोऱ्या लोकांच्या चर्चमध्ये गेला आहात का?” तो म्हणाला, “गेलोय की. दोनदा रंग दिलाय त्याला.”

हा विनोद होता की तक्रार, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आता आकडे. २०१६च्या निवडणुकीत मतदानोत्तर पाहणीनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट, मतदारांपैकी सुमारे ८१ टक्के ट्रम्प यांच्या बाजूने गेले. काळ्या प्रोटेस्टंट मतदारांतले बहुसंख्य जण डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. आणि हे दोन्ही गट बायबल तितक्याच निष्ठेने वाचतात, रोज प्रार्थना करतात, येशूच्या पुनरुत्थानावर अक्षरशः विश्वास ठेवतात. म्हणजे भांडण देवाविषयी नाही. मग कशाविषयी आहे?

मायकेल एमर्सन आणि ख्रिश्चन स्मिथ या दोन समाजशास्त्रज्ञांनी २००० साली ‘डिव्हायडेड बाय फेथ’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गोऱ्या इव्हँजेलिकल माणसाला वंशभेद म्हणजे कुणातरी वाईट माणसाच्या मनातला द्वेष वाटतो. मन बदललं, मैत्री झाली, की प्रश्न संपला. काळ्या ख्रिस्ती माणसाला तोच प्रश्न शाळेत, घराच्या कर्जात, पोलिसांच्या गाडीत, मतदारयादीत दिसतो. मनं बदला, हे त्यालाही मान्य आहे. पण कायदाही बदला, हे तो पुढे म्हणतो, आणि तिथे पहिला माणूस म्हणतो, तू आता धर्मात राजकारण आणतोस. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. वाळवंटात सगळे वारकरी एकमेकांच्या पाया पडत होतेच. पंढरपूरच्या देवळाचं दार उघडायला मात्र १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

ही दोन घरं वेगळी झाली कशी, हे पाहायला अठराव्या शतकातल्या फिलाडेल्फियात जावं लागेल. आनंदीबाई जोशी जिथे डॉक्टर झाल्या तेच शहर. तिथे सेंट जॉर्ज नावाचं मेथडिस्ट चर्च होतं. रिचर्ड ॲलन हा पूर्वीचा गुलाम, स्वतःच्या कष्टाच्या पैशाने स्वतःला सोडवून घेतलेला, तिथे भल्या पहाटे काळ्या मंडळींना उपदेश करायचा. लोक वाढले. माडी बांधायची ठरली, तिच्यासाठी काळ्या सभासदांनीही पैसे दिले आणि मेहनत केली. माडी तयार झाली तेव्हा त्यांना कळलं की ती आपल्यासाठीच बांधली होती : आपण वर बसायचं. त्या रविवारी ॲलनचा सहकारी ॲब्सलम जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करत होता. चर्चच्या एका विश्वस्ताने त्याला हाताला धरून उठवायला सुरुवात केली. जोन्स म्हणाला, प्रार्थना संपेपर्यंत थांबा, मग मी तुम्हाला त्रास देणार नाही. विश्वस्त थांबला नाही. प्रार्थना संपली, आणि ते सगळे एकत्र उठून बाहेर पडले. परंपरेने या घटनेचं साल १७८७ सांगतात.

पुढे १७९३ साली त्या शहरात पिवळ्या तापाची साथ आली. ॲलन आणि जोन्स यांनी आपली माणसं कामाला लावली : रोग्यांची शुश्रूषा, मृतांना पुरणं. साथ ओसरल्यावर एका प्रकाशकाने छापलं की काळ्यांनी या निमित्ताने लोकांना लुटलं. त्याला उत्तर म्हणून दोघांनी १७९४ साली एक पुस्तिका काढली आणि खर्चाचा हिशेब मांडला. त्याच वर्षी ॲलनने एक जुना लोहारखाना घोड्यांनी ओढत आणून आपल्या जमिनीवर ठेवला आणि त्याचं चर्च केलं. आज त्याला मदर बेथेल म्हणतात. १८१६ साली तिथून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा राहिला.

‘काळी चर्चेस वेगळी का?’ असं कुणी विचारलं, की मला तो माडीचा जिना आठवतो. वेगळं घर त्यांनी हौसेने बांधलेलं नाही.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. १८१३ साली मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन, ज्याच्या शाळांमध्ये नगर-सोलापूरकडच्या कित्येकांच्या आज्या-पणज्या शिकल्या, ते ज्या अमेरिकन बोर्डाने पाठवलं, त्या बोर्डाला गुलामगिरीविरुद्ध ठाम उभं राहता आलं नाही. देणगीदारांत फूट पडू नये, दक्षिण आणि उत्तर एकत्र राहावी, म्हणून बोर्ड गुळमुळीत बोलत राहिलं. शेवटी चिडलेल्या लोकांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. मुक्त झालेल्या गुलामांसाठी फिस्क, हॅम्प्टन अशी विद्यालयं पुढे तिने उभी केली. म्हणजे एकीसाठी गप्प बसणारी एक संस्था आणि एकी मोडून शाळा काढणारी दुसरी. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ते लोक बहुतेक दुसऱ्या प्रकारचे होते, हे अर्पणपत्रिका वाचताना आपण विसरतो. बॅप्टिस्टांमध्ये तर गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही यावरून १८४५ साली दुफळी झाली आणि सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचा जन्म झाला. पुढे तो देशातला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ झाला.

मधे एक लहानसा उजेड पडला होता. विल्यम सीमोर हा मुक्त झालेल्या गुलामांचा मुलगा. एका डोळ्याने अधू. ह्यूस्टनमध्ये चार्ल्स पारहॅम या गोऱ्या उपदेशकाचे वर्ग चालत. वर्णभेदाच्या रिवाजामुळे सीमोरला आत बसता येत नसे. तो खोलीबाहेर बसून, उघड्या ठेवलेल्या दारातून ऐकायचा. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर त्याच्या सभा सुरू झाल्या आणि काळे, गोरे, मेक्सिकन सगळे एका जमिनीवर गुडघे टेकू लागले. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात असंच जागरण झालं होतं, आणि पेंटेकॉस्टल पंथाचे इतिहासकार या दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवतात. पण पारहॅम अझुसा पाहायला आला तेव्हा काळे-गोरे एकमेकांना बिलगताना पाहून त्याला किळस आली. काही वर्षांत गोऱ्यांनी आपला वेगळा संघ काढला. दाराबाहेर बसून ऐकणारा पुन्हा बाहेरच राहिला.

मेथडिस्टांची कथा आणखी बोलकी आहे. १८४४ साली गुलामगिरीवरून त्यांची उत्तर-दक्षिण फाळणी झाली होती. १९३९ साली मोठ्या समारंभाने ती मिटली. त्या एकीची अट काय होती? देशभरातल्या काळ्या मेथडिस्टांना एका वेगळ्या विभागात टाकायचं, सेंट्रल ज्युरिस्डिक्शन. बाकीचे पाच विभाग भूगोलाप्रमाणे, हा सहावा कातडीप्रमाणे. दोन गोऱ्या भावांनी हात मिळवले आणि मोळी बांधायला दोरी म्हणून तिसऱ्याला वापरलं.

याच चौकटीत १९६३ साली मिसिसिपीची राजधानी जॅक्सन इथे एक नाटक घडलं. गॅलोवे मेमोरियल हे तिथलं प्रतिष्ठित गोरं मेथडिस्ट चर्च. डब्ल्यू. बी. सेला हे अठरा वर्षांपासून तिथले पाळक. ९ जूनच्या रविवारी नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांनी काळ्या विद्यार्थ्यांना गाडीने चर्चपाशी सोडलं. दाराशी उभ्या असलेल्या स्वागतकांनी त्यांना परत पाठवलं. सेलांना हे कळलं तेव्हा उपासना चालू होती. त्यांनी व्यासपीठावरूनच सांगितलं की मला आता इथे पाळक म्हणून राहता येणार नाही. तीन दिवसांनी एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घालून मारलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मिसिसिपीतल्या २८ तरुण गोऱ्या मेथडिस्ट पाळकांनी वंशभेदाविरुद्ध एक निवेदन छापलं होतं. त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढे राज्य सोडावं लागलं.

मग २९ मार्च १९६४. पुनरुत्थानाचा सण. गॅलोवे चर्चच्या पायऱ्या चढून दोन माणसं वर आली. एक बिशप चार्ल्स गोल्डन, काळे. दुसरे बिशप जेम्स मॅथ्यूज, गोरे. दोघेही त्याच मेथडिस्ट पंथाचे बिशप, म्हणजे त्या चर्चचा पाळक ज्यांच्यापुढे उभा राहील असे. दाराशी त्यांना अडवलं गेलं. मॅथ्यूज आत येऊ शकले असते, गोल्डन नाही. दोघेही परतले. त्याच दिवशी गावातल्या दुसऱ्या मेथडिस्ट चर्चच्या दाराशी काही काळ्या-गोऱ्या पाहुण्यांना अटकच झाली.

हे मॅथ्यूज कोण? १९३८ साली मिशनरी म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि मुंबईत पाळक होते. गांधींवर पुस्तक लिहिणाऱ्या ई. स्टॅनली जोन्स यांचे ते जावई. पुढे त्यांनी स्वतः सत्याग्रहावर प्रबंध लिहिला. मुंबईत पाळक असलेला एक गोरा माणूस मिसिसिपीतल्या एका देवळाच्या पायरीवर काळ्या सहकाऱ्याबरोबर उभा राहिला आणि आत न जाता परत फिरला, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. चोखोबाची पायरी आपल्याला माहीत आहे. पायरीवर चोखोबाबरोबर उभा राहून, दार उघडं असताना आत न गेलेला कुणी आपल्याकडे होता का, याचा शोध मी अजून घेतो आहे.

याच्या वर्षभर आधी, १९६३च्या एप्रिलमध्ये, बर्मिंगहॅममध्ये किंग यांना गुड फ्रायडेला अटक झाली. त्याच दिवशी शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन प्रसिद्ध केलं. सात ख्रिस्ती, एक ज्यू रब्बाय. निवेदनात म्हटलं होतं की मोर्चे अकाली आहेत, न्यायालयात जा, शांतता राखा. इतिहासात ते निवेदन ज्या नावाने ओळखलं जातं ते ऐका : ‘एकीचे आवाहन’. तुरुंगात किंग यांना ते वर्तमानपत्रात वाचायला मिळालं आणि उत्तर त्यांनी त्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर लिहायला सुरुवात केली. तेच बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र. त्या आठांपैकी काही सद्गृहस्थ होते, हे सांगायला हवं. अर्ल स्टॅलिंग्ज यांनी ईस्टरला आपल्या चर्चमध्ये काळ्या लोकांना बसू दिलं होतं, आणि किंग यांनी त्याच पत्रात त्याची दखल घेतली. कॅथलिक बिशप जोसेफ ड्यूरिक तर पुढे टेनेसीत नागरी हक्कांची बाजू उघडपणे घेऊ लागले. म्हणजे वाईट माणसांनी एकीचं आवाहन केलं असं नाही. चांगल्या माणसांनी केलं, हीच अडचण आहे.

१९९०च्या दशकात क्षमा मागण्याची लाट आली. १९९४ साली मेम्फिसमध्ये पेंटेकॉस्टल पुढाऱ्यांनी आपला फक्त गोऱ्यांचा संघ बरखास्त केला, आणि एका गोऱ्या पाळकाने एका काळ्या बिशपचे पाय धुतले. १९९५ साली सदर्न बॅप्टिस्टांनी दीडशेव्या वर्षी गुलामगिरीबद्दल माफी मागितली, आणि २०१२ साली फ्रेड ल्यूटर हे त्यांचे पहिले काळे अध्यक्ष झाले. हे सगळं खरं होतं, अश्रूही खरे होते. मी त्याची टिंगल करणार नाही. पण २०१७ साली त्याच पंथातल्या ड्वाइट मॅकिसिक या काळ्या पाळकाने नव्या गौरवर्णवाद्यांच्या निषेधाचा ठराव मांडला, तेव्हा समितीने तो आधी सभेपुढे आणलाच नाही. ओरड झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो मंजूर झाला. २०२० साली या पंथाच्या सहा धर्मविद्यालयांच्या प्रमुखांनी, सगळे गोरे, वंशभेदाच्या अभ्यासाच्या एका विचारपद्धतीला त्याज्य ठरवलं. त्यानंतर काही नावाजलेल्या काळ्या पाळकांनी आपली मंडळी घेऊन पंथ सोडला. पाय धुवायला लोक तयार होते. त्या पायांना कुठल्या रस्त्याने चालावं लागतं, ते ऐकायला नव्हते.

अमेरिकेत मिश्र वंशाच्या मंडळ्या वाढत आहेत, ही चांगली बातमी. कुठल्याही एका वंशाचे ८० टक्क्यांहून जास्त लोक नाहीत अशा मंडळ्या १९९८ साली ६ टक्के होत्या, २०१९ साली १६ टक्के झाल्या. पण बारकाईने पाहिलं तर वाहतूक बरीचशी एकाच दिशेने आहे. काळे आणि इतर लोक गोऱ्यांच्या चर्चमध्ये येतात. गोरे लोक काळ्यांच्या चर्चमध्ये फारसे जात नाहीत. आलेल्याने गाणी गोऱ्यांची म्हणायची, उपदेशाची लांबी त्यांची आणि कुठल्या विषयावर बोलायचं नाही हेही त्यांचंच. आपल्याकडे सून घरात आली की घर एक झालं म्हणतात, तसंच.

हिशेबवही उघडणारी माणसंही आहेत. १८३८ साली जेझुइट पाद्रींनी मेरीलँडमधले २७२ गुलाम लुइझियानाला विकले, त्या पैशातून जॉर्जटाउन विद्यापीठाचं कर्ज फिटलं. त्या २७२ जणांचे वंशज आजही आहेत, कित्येक कॅथलिकच आहेत. २०२१ साली जेझुइटांनी या वंशजांबरोबर मिळून दहा कोटी डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. जॉन पर्किन्स या काळ्या पाळकाचा भाऊ मिसिसिपीत १९४६ साली पोलिसाच्या गोळीने मेला. १९७० साली पर्किन्स यांना स्वतःला तुरुंगात अर्धमेलं होईपर्यंत मारलं. या माणसाने आयुष्यभर काळ्या-गोऱ्यांच्या समेटाचं काम केलं. समेट हवा असेल तर गरिबांच्या वस्तीत राहायला या आणि साधनं वाटून घ्या, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या त्यांना खूप मिळाल्या, राहायला मात्र थोडेच आले.

जॉर्जियातल्या मेकन गावात ‘फर्स्ट बॅप्टिस्ट’ नावाची दोन चर्चेस हाकेच्या अंतरावर आहेत, एक काळ्यांचं, एक गोऱ्यांचं. गुलामगिरीच्या काळात ती एकच मंडळी होती. काही वर्षांपूर्वी दोन्ही पाळकांनी एकमेकांशी करार केला. सण एकत्र करायचे, आपल्या सामायिक भूतकाळाबद्दल बोलायचं. एक व्हायचं मात्र ठरवलं नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. जे घर तुम्ही बाहेर काढल्यामुळे बांधावं लागलं, ते आता एकीसाठी पाडा, असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

शेवटचं उदाहरण फ्लोरिडातलं. जॅक्सनव्हिलमध्ये शायलो हे जुनं काळं बॅप्टिस्ट चर्च. शेजारच्या ऑरेंज पार्कमध्ये रिजवूड हे गोरं चर्च, सभासद घटलेले, डोक्यावर कर्ज. २०१५ साली दोन्ही एक झाली. यात फार उदात्तपणा शोधू नका. कर्ज नसतं तर हे झालं नसतं, असं मला वाटतं. पण रिजवूडच्या मंडळींनी शायलोचे काळे पाळक एच. बी. चार्ल्स यांना आपले पाळक मानलं, आणि रिजवूडच्या इमारतीवर नाव शायलोचं लागलं.